पी-व्हॅल्यू 0.045 आली; मग परिकल्पना सिद्ध झाली का?

प्रश्न: मी समाजकार्यात पीएच.डी. करते आहे. बचत गटातल्या आणि गटाबाहेरच्या बायकांची तुलना केली. 'गटामुळे घरातल्या निर्णयांत बाईचा सहभाग वाढतो' या परिकल्पनेवर काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारी) लावली, पी-व्हॅल्यू 0.045 आली. गाईड म्हणतात, सिद्ध झाली, पुढचं प्रकरण घ्या. विभागातल्या दुसऱ्या सरांनी विचारलं, "बरं मग?" त्यावर मला काही बोलता आलं नाही. 0.045 म्हणजे माझी परिकल्पना 95.5 टक्के खरी, असंच ना? आणखी एका परिकल्पनेत पी 0.08 आली आहे. मैत्रीण म्हणते, अजून 50-60 फॉर्म भरून घे, 0.05 च्या खाली येईल. चालेल का?

उत्तर:

95.5 टक्के खरी, असं नाही. आणि या गैरसमजात तुम्ही एकट्या नाही. गाईड, बाहेरून येणारे परीक्षक, संशोधन पद्धतीवर पुस्तकं लिहिणारे, सगळेच त्यात सापडतात.

पी-व्हॅल्यू तुमच्या परिकल्पनेबद्दल काही सांगतच नाही. ती शून्य परिकल्पना खरी धरून चालते. तुमच्या बाबतीत शून्य परिकल्पना म्हणजे 'गटात असण्याचा आणि निर्णयातल्या सहभागाचा काहीही संबंध नाही'. तसा तो खरोखरच नसेल, तर नमुन्यात कोण आलं आणि कोण राहिलं एवढ्या योगायोगाने तुम्हाला दिसला तितका किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? शंभरात साडेचार. पी-व्हॅल्यूचं म्हणणं इथे संपतं. 'हा फरक योगायोगाने आला असण्याची शक्यता साडेचार टक्के' हे वाक्य वरच्यासारखंच वाटतं, पण तेही चुकीचं आहे. 'योगायोग असेल तर असा निकाल कितपत संभवतो' हा एक प्रश्न; 'असा निकाल आला आहे तर तो योगायोग असणं कितपत संभवतं' हा दुसरा. संगणक पहिल्याचं उत्तर देतो, आपण ते दुसऱ्याचं म्हणून प्रबंधात लिहितो.

तुमच्या तक्त्याकडे येण्याआधी पुण्यात झालेल्या एका चाचणीबद्दल सांगतो. शून्य परिकल्पना इतकी स्वच्छ दिसणारं उदाहरण सामाजिक संशोधनात क्वचितच सापडतं. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर, सांख्यिकीचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलं, अशा दोनशे जणांच्या कुंडल्या तयार केल्या. नावं काढून क्रमांक दिले. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या यादृच्छिक निवडलेल्या 40 कुंडल्या पाठवल्या आणि एवढंच सांगायला सांगितलं की कोणती कुंडली हुशार मुलाची आणि कोणती नाही. 51 जणांनी तयारी दाखवली होती, उत्तरं 27 जणांनी पाठवली. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या घेतल्या.

इथे शून्य परिकल्पना अशी: कुंडलीवरून बुद्धी कळत नाही, म्हणजे प्रत्येक उत्तर ही नाणेफेक. 40 वेळा नाणं उडवलं तर सरासरीने 20 छापे येतील, प्रमाण विचलन (सरासरीच्या खाली-वर होणाऱ्या चढउताराचं माप) 3.16. एखाद्याला 22 आले, 23 आले, तर त्यात नवल काहीच नाही. आपण नवल कुठे करायला लागायचं? 28 पासून, असं आधीच ठरलं होतं. निव्वळ अंदाजाने 28 किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे 0.8 टक्के, म्हणजे 120 खेपांत एखाद्या वेळी. प्रत्यक्षात सगळ्यांत चांगला निकाल 40 पैकी 24 बरोबर असा आला. अंदाजाने 24 किंवा जास्त येण्याची शक्यता 13 टक्के आहे. संस्थेची 200 पैकी 102 बरोबर आली. तिथे पी-व्हॅल्यू 0.4 च्या पुढे जाते, म्हणजे नाणेफेकीपासून वेगळं काढता येणार नाही.

आता समजा, एका ज्योतिषाला 29 बरोबर आले असते. पी-व्हॅल्यू 0.003 च्या आसपास आली असती. मग तुम्ही 'कुंडलीवरून बुद्धी कळते हे 99.7 टक्के खरं' असं मान्य केलं असतं का? मी नसतं केलं. मी म्हटलं असतं, गृहस्थांना आणखी 40 कुंडल्या द्या. गणित तेच आहे, मग हा हात आखडता का? कारण तो दावा मुळात किती पटण्यासारखा होता हे पी-व्हॅल्यूला माहीतच नसतं. ते आपल्याला बाहेरून आणावं लागतं, मागच्या अभ्यासांतून, सिद्धांतातून, त्या क्षेत्रात घालवलेल्या वर्षांतून.

हेच आकड्यांत मांडतो. समजा एखाद्या विद्याशाखेत 1000 परिकल्पना तपासल्या आणि त्यातल्या 100 च खऱ्या आहेत. नमुने तुमच्याएवढे मध्यम असतील तर खऱ्या शंभरांपैकी सुमारे पन्नासच 'सार्थक' (म्हणजे पी 0.05 च्या खाली) म्हणून पकडल्या जातील (पन्नासच का, ते पुढे येईल). खोट्या 900 पैकी 5 टक्के, म्हणजे 45, केवळ योगायोगाने 'सार्थक' ठरतील. एकूण 95 जणांनी पेढे वाटले, त्यातल्या 45 जणांचे फुकट गेले. प्रत्येकाच्या हातात पी-व्हॅल्यू मात्र 0.05 च्या खालची.

ज्योतिष चाचणीतला दुसरा धडा 27 या आकड्यात आहे. एकट्याला अंदाजाने 24 किंवा जास्त मिळण्याची शक्यता 13 टक्के, पण 27 जण बसले असताना त्यांच्यातल्या निदान एकाला तरी तेवढे मिळण्याची शक्यता 98 टक्के. म्हणजे 'पहिला आलेला ज्योतिषी' हा निव्वळ नाणेफेकीतूनही जवळपास नक्कीच निघाला असता. 28 ची कडक रेषासुद्धा 27 जणांत कुणीतरी एकाने केवळ नशिबाने ओलांडण्याची शक्यता 20 टक्के निघते. कुणी त्या एकालाच घेऊन वर्तमानपत्रात गेला असता आणि उरलेल्या 26 जणांबद्दल गप्प बसला असता, तर?

आपल्या प्रबंधांत नेमकं हेच चालतं. प्रश्नावलीत वय, शिक्षण, जात, उत्पन्न, वैवाहिक स्थिती असतात. दुसऱ्या बाजूला चार-पाच मुख्य प्रश्न. प्रत्येकाचा प्रत्येकाशी काय-वर्ग लावला की वीसेक चाचण्या सहज होतात. एकही संबंध खरा नसला तरी वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक 'सार्थक' निघण्याची शक्यता 64 टक्के असते. मग त्या एका तक्त्यावर चार पानं लिहिली जातात आणि परिकल्पनांच्या प्रकरणात ती परिकल्पना मागाहून घुसवली जाते. मानसशास्त्रात या सवयीचं काय झालं ते 2015 साली जगाने पाहिलं: प्रसिद्ध झालेले 100 अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, मूळ अभ्यासांत 97 टक्के निकाल सार्थक होते, पुन्हा केल्यावर 36 टक्केच राहिले. त्यामुळे तुमच्या प्रबंधात किती चाचण्या केल्या तो आकडा स्पष्ट लिहा, आणि कोणत्या परिकल्पना माहिती गोळा करण्याआधी आराखड्यात होत्या तेही सांगा. नंतर सुचलेल्या परिकल्पना लिहायला काहीच हरकत नाही, फक्त त्या नंतर सुचल्या असं म्हणा.

आता तुमचा तक्ता. तुमचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून 0.045 येईल असे माझ्या मनाने घेतो. गटातल्या 200 बायकांपैकी 112 म्हणाल्या, मोठ्या निर्णयात आमचं मत घेतलं जातं. गटाबाहेरच्या 200 पैकी 92. म्हणजे 56 टक्के आणि 46 टक्के.

एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हा 2×2 तक्ता टाकला की खाली एक नाही, चार-पाच ओळी येतात. पहिली 'पीअर्सन काय-स्क्वेअर': मूल्य 4.00, 'सिग.'च्या रकान्यात .045. तिच्याखाली 'कंटिन्युइटी करेक्शन', म्हणजे तीच चाचणी जरा कडक करून: 3.61 आणि .057. बायका त्याच, उत्तरं तीच. वरची ओळ वाचली तर परिकल्पना सिद्ध, खालची वाचली तर असिद्ध. (काही तक्त्यांत त्या रकान्यात .000 छापून येतं. त्याचा अर्थ पी 0.0005 पेक्षा लहान, शून्य नव्हे. 'पी = 0' असं लिहिलेला प्रबंध दिसला की परीक्षकाची पेन्सिल बाहेर आलीच म्हणून समजा.)

एवढ्यावर भागत नाही. त्या 112 जणींपैकी एकीने, फक्त एकीने, 'हो'च्या जागी 'नाही' म्हटलं असतं तर पहिल्या ओळीतली पी-व्हॅल्यूही 0.057 झाली असती. घरोघरी मुलाखती घेतलेल्या कुणालाही विचारा: प्रश्न चालू असताना सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या की सुनेचं उत्तर बदलतं की नाही? तुमच्या परिकल्पनेचं सिद्ध-असिद्ध त्या तांब्यावर अवलंबून असेल, तर 0.05 ही रेषा आपण समजतो तेवढी भक्कम नाही.

ही रेषा आली कुठून, तेही थोडक्यात. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात लिहिलं की विसात एक ही मर्यादा धरणं सोयीचं आहे, कारण ती प्रमाण विचलनाच्या जवळपास दुपटीवर येते. सोय, इतकंच. फिशर पी-व्हॅल्यूकडे पुराव्याची एक खूण म्हणून पाहत. पुढे 1933 मध्ये जेर्झी नेमन आणि इगॉन पीअर्सन यांनी वेगळी चौकट मांडली: निर्णय घ्यायचाच आहे, तर दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात (नसलेला संबंध दिसणं आणि असलेला निसटणं), त्यांचं प्रमाण आधी ठरवा आणि मग नियम पाळा. फिशर यांना ही चौकट शेवटपर्यंत पटली नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या दोघांचं परस्पर लग्न लावून दिलं, आणि त्या संसारातून 'परिकल्पना स्वीकृत', 'परिकल्पना अस्वीकृत' हे शिक्के निघाले. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये निवेदन काढून सांगितलं की पी-व्हॅल्यू म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, तिच्यावरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही, आणि ती एका रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढ्यावर निष्कर्ष काढू नयेत. परीक्षकाने हट्ट धरलाच तर हे निवेदन त्यांच्यापुढे ठेवा.

मग रेषेऐवजी काय पाहायचं? फरकाचा आकार आणि त्याचं विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. आपल्या तक्त्यात फरक 10 टक्के-अंकांचा आहे आणि त्याचं 95 टक्के विश्वास अंतराल साधारण 0.25 पासून 19.75 पर्यंत पसरतं. तुमच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. तुमची माहिती सांगते आहे की गटातल्या बायकांचा सहभाग पाव टक्क्याने जास्त असू शकतो, जो असून नसल्यासारखा. किंवा वीस टक्क्यांनी जास्त असू शकतो, जो कोणत्याही योजनेसाठी मोठी बातमी ठरेल. यातलं नेमकं कोणतं, हे 400 बायकांवरून ठरत नाही. '0.045 म्हणून सिद्ध' या वाक्यात ही अनिश्चितता पूर्ण झाकली जाते.

उलट टोकही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशभरातल्या 7,24,115 स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. एवढ्या संख्येचे दोन सारखे भाग करून साध्या चाचणीला लावले, तर त्यांच्यातला अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा पी 0.0001 च्या खाली नेईल. चार शून्यं पाहून कुणी दचकू नये. अर्धा टक्का तो अर्धाच टक्का. मोठ्या नमुन्यात सगळंच सार्थक होतं, लहान नमुन्यात जवळपास काहीच होत नाही. म्हणून 'सार्थक फरक आढळला नाही' यावरून 'फरक नाही' असा निष्कर्ष काढणं हीदेखील तेवढीच मोठी चूक.

वर पन्नास म्हणालो होतो ते इथे जोडतो. खरा फरक 46 विरुद्ध 56 असाच असेल, आणि तुम्ही प्रत्येकी 200 बायका घेतल्या असतील, तर तुमची चाचणी सार्थक निघण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे. खरा फरक असूनही! तो फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे 390 बायका हव्यात. हे गणित माहिती गोळा करण्याआधी करायचं असतं. आपल्याकडे 400 हा आकडा येतो तो नमुन्याच्या आकाराच्या तयार तक्त्यातून, किंवा 'आधीच्या विद्यार्थिनीने तेवढेच घेतले होते' यातून.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडे जवळपास कुणीच पाहत नाही. पुन्हा ज्योतिषांकडे जाऊ. 27 जणांची गोळाबेरीज 46 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निम्म्याच्या खाली आली. एकूण उत्तरं 27 गुणिले 40, म्हणजे 1080. नाणेफेकीने 540 बरोबर यायला हवीत. आली त्यापेक्षा सुमारे 43 ने कमी. प्रमाण विचलन 16.4. म्हणजे अडीचहून जास्त विचलनं खाली, पी 0.01 च्या आसपास. घ्या! ज्योतिषी नाणेफेकीपेक्षाही 'सार्थकपणे' वाईट; कुंडली उलटी वाचली तर भविष्य खरं ठरेल! हा निष्कर्ष कुणी काढू नये, कारण ती 1080 उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नव्हती. कुंडल्या 200 च होत्या, एकेक सरासरी पाच जणांकडे गेली, आणि ते पाचही जण मोठ्या प्रमाणात तेच ग्रंथ वाचून आलेले. एका कुंडलीवर एक चुकला तर बाकीचेही तिथेच चुकण्याचा संभव जास्त. माहिती 1080 ओळींची दिसली तरी वजन तेवढं नव्हतं.

तुमच्या बायका कशा निवडल्या? समजा गटातल्या 200 जणी दहा गावांतून वीस-वीस, आणि गटाबाहेरच्या 200 जणी दुसऱ्या दहा गावांतून वीस-वीस. एका गावातल्या बायकांची उत्तरं एकमेकींसारखी असतातच: तीच जात-रचना, तीच शाळा, बाजाराला जायला तीच एसटी. हे साम्य मोजण्याचा एक गुणांक असतो. तो अगदी 0.05 एवढाच धरला, तरी वीस-वीसच्या पुंजक्यांमुळे तुमच्या 400 बायकांचं वजन साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या सुमारे 205 बायकांइतकं उरतं. काय-वर्ग 4.00 वरून 2.05 वर येतो आणि पी 0.15 होते. एसपीएसएसला गावाचा रकाना माहीत नसतो. तुम्ही सांगितल्याशिवाय तो प्रत्येक बाई स्वतंत्र आहे असंच धरतो. सभासद आणि बिगर-सभासद दोघी त्याच गावांतून घेतल्या असतील तर नुकसान बरंच कमी होतं, आणि तुलना गावांतर्गत करता येते. म्हणून पुढच्या वेळी तसंच करा. या वेळी निदान गावाचा रकाना भरून ठेवलेला असेल अशी आशा आहे. असेल तर विभागातल्या सांख्यिकीवाल्यांकडून 'समूह-नमुना' पद्धतीने गणित पुन्हा करून घ्या.

आणि त्या वीसजणी गावात सापडल्या कशा? गावातल्या गटांचं काम पाहणाऱ्या सीआरपी ताईंनी बोलावून आणल्या असतील, तर ज्या गटाच्या बैठकीला नियमित येतात, बोलक्या आहेत, ज्यांना दुपारी घरातून निघता येतं, त्याच आल्या. घरात ज्यांना कुणी विचारत नाही त्या मुलाखतीपर्यंत पोचल्याच नाहीत. पी-व्हॅल्यूचं सगळं गणित यादृच्छिक निवडीवर उभं असतं. सोयीचा नमुना घेऊन पी-व्हॅल्यू काढणं बेकायदा नाही, सगळे काढतात, पण मग ती ज्या योगायोगाबद्दल बोलते तो योगायोग तुमच्या अभ्यासात घडलेलाच नसतो. भारतीय सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिस यांना ही अडचण चांगली माहीत होती. नमुना पाहणीत ते दोन स्वतंत्र पथकांकडून दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायला लावत, म्हणजे दोन उत्तरांतल्या तफावतीवरून नमुन्यापलीकडच्या चुकाही उघड्या पडाव्यात. एकट्या विद्यार्थिनीला ते परवडत नाही. पण तीस-चाळीस घरी दुसऱ्या मुलाखतकार मैत्रिणीला पाठवून तेच प्रश्न विचारून घेणं परवडतं.

'गटामुळे' या शब्दाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला माहीत असणार. जिला घरात आधीपासून मान आहे तीच गटात जायला धजते, असंही असू शकतं. काय-वर्गाला दिशा कळत नाही. तुमच्या परिकल्पनेतलं 'मुळे' काढून 'संबंध आहे' असं लिहा, किंवा गटात येण्याआधीची स्थिती विचारलेली असेल तर ती वापरा.

मोजमापाबद्दल एक सूचना. 'निर्णयात तुमचं मत घेतात का?' हा प्रश्न फार मोघम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा सहभाग तीन ठरावीक निर्णयांवर मोजतात: स्वतःचं औषधपाणी, घरातली मोठी खरेदी, आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाणं. तसे प्रश्न विचारले असते तर तुमचे आकडे जिल्ह्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता आले असते.

आता 0.08. मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका, निदान तिने सांगितला तसा तरी नाही. निकाल पाहायचा, नाही जमला तर फॉर्म वाढवायचे, पुन्हा पाहायचं, जमला की थांबायचं. या पद्धतीत 5 टक्क्यांची हमी उरत नाही. संबंध अजिबात नसताना सारख्या अंतराने दोनदा पाहिलं तर खोटा 'सार्थक' निकाल मिळण्याची शक्यता 8 टक्क्यांच्या वर जाते, पाच वेळा पाहिलं तर 14 टक्क्यांपर्यंत. आणि जोपर्यंत वाढवत राहायची तयारी आहे, तोपर्यंत कधी ना कधी ती रेषा ओलांडली जाणारच. दुसरी एक पळवाट तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल: दुपुच्छ चाचणीऐवजी (ती दोन्ही दिशांचा फरक मोजते) एकपुच्छ करा (ती एकाच दिशेचा मोजते), 0.08 ची 0.04 होते. दिशा आराखड्यात आधीच लिहिलेली असेल आणि उलट्या दिशेचा निकाल आला असता तर तो तुम्ही खरोखरच सोडून दिला असता, तरच ते करा. निकाल हाती आल्यावर नाही.

0.08 ला प्रबंधात जागा आहे. ते असं लिहा: दोन गटांतला फरक इतका, त्याचं विश्वास अंतराल इथून इथपर्यंत, त्यात शून्यही येतं आणि बऱ्यापैकी मोठा फरकही येतो, या नमुन्यावरून दोन्हींपैकी काही नाकारता येत नाही. 0.045 बद्दलही जवळपास याच शब्दांत लिहायचं आहे, कारण या दोन निकालांत पुराव्याच्या दृष्टीने फार अंतर नाही. एकावर 'सिद्ध' आणि दुसऱ्यावर 'असिद्ध' हे शिक्के मारले की ते अंतर आपणच तयार करतो.

फॉर्म वाढवायचेच असतील तर 50-60 ने काही साधणार नाही. वर काढला तसा हिशोब करून संख्या ठरवा, ती गाईडच्या सहीने कागदावर घ्या, निवड यादीतून चिठ्ठ्या टाकून करा, आणि तेवढे फॉर्म पूर्ण होईपर्यंत एसपीएसएस उघडू नका. जुने 400 आणि नवे वेगवेगळे दाखवा. वेळ तेवढा नसेल, तर आधीच्याच यादीतल्या पंधरा-वीस बायकांकडे सासू घरी नसताना परत जा, आणि घरात आलेली शेवटची मोठी वस्तू कोणती, ती घ्यायची हे आधी कोण म्हणालं आणि पैसे कुणाच्या हातून गेले, एवढं विचारून लिहून आणा.